भामाचे ओठ आणि राजलेप

एका जंगलात उन्हाळा होता, पण ऊन नव्हतं.

मुलांनो, असं कसं, ते आत्ताच विचारू नका. आधी जरा सावलीत सरकून बसा. हां, आता ऐका.

त्या जंगलात झाडं इतकी दाट होती की सूर्य वर कुठेतरी आपलं काम करायचा आणि खाली नुसते कवडसे पडायचे. सशांची पोरं त्या कवडशांवर उड्या मारायची. ऊन म्हणजे खेळायची गोष्ट, असंच तिथे सगळ्यांना वाटे.

तिथे एक सिंह राज्य करत होता. त्याला सगळे वनराज म्हणत. स्वभावाने तो वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याकडे काही दिसलं की ते आपल्याकडे नाही, हे त्याला फार लागायचं.

एकदा तो शेजारच्या राज्यात लग्नाला गेला. परत आला आणि तीन दिवस गुहेबाहेर पडेना. शेवटी त्याचा कारभारी आत गेला. कारभारी म्हणजे कोल्हा. त्याचं नाव पिंगटराव.

"महाराज, लग्नात मानपान नीट झाला नाही का?"

"त्यांच्याकडे मैदान आहे, पिंगटराव."

"मग?"

"आपल्याकडे नुसती झाडं."

पिंगटरावाने मान खाली घातली. राजाचं दुःख खरोखरच मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी हत्ती कामाला लागले. साग गेले, ऐन गेले, म्हातारा बेहडाही गेला. महिन्याभरात जंगलाच्या मधोमध एक मैदान तयार झालं. मोकळं, सपाट, भव्य. मध्ये एक उंच खडक होता. शेजारचा राजा दरबार भर दुपारी भरवतो, असं पिंगटराव ऐकून आला होता. म्हणून इथलाही दरबार भर दुपारी भरू लागला.

आणि मुलांनो, त्या जंगलाला पहिल्यांदा ऊन लागलं.

आता भामाची ओळख करून देतो. भामा ही गाढवीण. ती मूळची जंगलातली नव्हे. ती एका कुंभाराकडे माती वाहायची. एके दिवशी दोरी तुटली आणि ती पळून इथे आली. तिचा आवाज तीन ओढ्यांपलीकडे ऐकू जायचा. कुंभाराला त्या आवाजाचा त्रास व्हायचा. वनराजाला त्याचा उपयोग दिसला. त्याने तिला दवंडी द्यायला नेमलं.

भामाला या कामाचा फार अभिमान होता. "आधी माती वाहायचे," ती म्हणायची, "आता राजाचे शब्द वाहते. ओझं तेवढंच, पण पाठ दुखत नाही."

तिचं सगळं अंग राखाडी होतं, फक्त तोंड पांढरं. चुन्याच्या डब्यात बुडवून काढावं तसं. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी आणि ओठ तर फारच नाजूक. झाडीत होती तोवर तिचं काही बिघडलं नाही. आता तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खडकावर उभं राहून राजाज्ञा ओरडाव्या लागत होत्या. वर छप्पर नाही, आजूबाजूला फांदी नाही.

चौथ्या दिवशी तिचं नाक भाजलेल्या विटेसारखं लाल झालं. सहाव्या दिवशी कांद्यासारखे पापुद्रे सुटायला लागले.

जंगलाच्या कडेला एक डबकं होतं. त्यात गोजरा नावाची म्हातारी म्हैस बसलेली असायची. सगळे तिला मावशी म्हणत. दिवस उगवला की ती डबक्यात लोळायची, चिखलाने माखून चरायला जायची आणि दुपारी परत येऊन लोळायची. सगळी जनावरं तिला हसत. मावशीला त्याचं काही नव्हतं.

भामा तिच्याकडे गेली.

"तोंड कुठे भाजून आलीस गं?" मावशीने विचारलं.

"कुठे नाही मावशी, कामावर."

"ये इकडे. घाल तोंड."

भामाने डबक्यात तोंड घातलं. गारवा थेट डोक्यापर्यंत चढला. तिने डोळे मिटले.

"आता नीट ऐक," मावशी म्हणाली. "हे भाजल्यावर करायचं काम नाही. घरातून निघण्याआधी करायचं. जाड थर द्यायचा, अत्तरासारखं बोट टेकवायचं नाही. नाक, कान, मान, सगळीकडे. दुपारी वाळून गळतो, म्हणून परत लावायचा. आणि ढग आले तरी लावायचा. सूर्य ढगाआड गेला म्हणजे काही गावाला गेला नाही."

"आणि ओठ?"

"ओठांवर चिखल टिकत नाही. तू चाटून टाकशील. त्यांचं वेगळं बघू. तोवर सावली सापडली की सावलीत उभी राहा. आणि सारखी जीभ फिरवू नकोस. ओले ओठ जास्त फुटतात."

भामाने सांगितलं तसं केलं. चार दिवसांत पापुद्रे थांबले. आठवड्यात नाकाची आग गेली. ती चिखलाने माखलेल्या तोंडाने खडकावर उभी राहून मजेत दवंडी देऊ लागली.

एवढंच झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण पिंगटरावाचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"महाराज," तो दरबारात म्हणाला, "राजाची आज्ञा चिखलातून बाहेर पडते आहे."

सगळा दरबार भामाकडे बघू लागला.

"ऊन लागतं, महाराज," भामा म्हणाली.

"ऊन लागतं!" पिंगटराव हसला. "महाराज, जी प्रजा उन्हाला घाबरते ती शत्रूसमोर काय उभी राहणार? ऊन चांगलं असतं. उन्हाने कातडी कमावली जाते."

मागून मावशीचा आवाज आला. ती कधी नव्हे ती दरबारात आली होती. "कारभारी, कातडी मेल्यावर कमावतात."

काही जनावरं हसली. त्यामुळे पिंगटराव चिडला आणि वनराजाला निर्णय घ्यावा लागला. दरबारात कोणी हसलं की निर्णय घ्यायचा, असा त्याचा नियम होता.

"भामाने तोंड धुऊन यावं," तो म्हणाला. "आणि यापुढे धुतलेल्या तोंडानेच यावं."

भामाने मावशीकडे पाहिलं. मग खडकाकडे पाहिलं. खडक सोडवेना. ती ओढ्यावर गेली आणि तोंड धुऊन आली.

पुढचे पंधरा दिवस वैशाखाचे होते. नाक पुन्हा सोललं, पण नाकाने कोणी दवंडी देत नाही. खरी पंचाईत ओठांची झाली. ते आधी सुकले. सुकले म्हणून तिने जीभ फिरवली. जीभ फिरवली म्हणून ते जास्त सुकले. मग त्यांना चिरा पडल्या. एके सकाळी ती उठली तर ओठाला ओठ लावला की डोळ्यांत पाणी येत होतं.

मुलांनो, आता तुम्ही 'प' म्हणून बघा. 'फ', 'ब', 'भ', 'म' म्हणून बघा. ओठ एकमेकांना लागतात ना? भामाची ती पाच अक्षरं गेली. ओठ न मिटता जेवढं बोलता येतं, तेवढंच तिच्याकडे उरलं. कोणी नाव विचारलं तर ती 'भामा' म्हणायला जायची आणि बाहेर यायचं 'आआ'. ऐकणाऱ्याला वाटायचं, गाढव आहे, ओरडणारच.

ती दरबाराला गेली. आपले ओठ दाखवावेत, चार दिवस सुट्टी मागावी, असं तिने ठरवलं होतं.

"आहाराज," ती म्हणाली, "आझे ओठ..."

"आहार नंतर," वनराज म्हणाला. "आधी काम."

त्याच दुपारी गुणाजी अस्वल धावत आलं. नाकावर दोन्ही पंजे घट्ट धरलेले. पाणवठ्याजवळच्या झाडावर मध काढायला ते चढलं होतं. काम बिघडलं आणि माश्या उठल्या.

"भामा, लवकर सांग सगळ्यांना!" ते म्हणालं. "मोठं मोहोळ उठलंय. पाणवठ्याकडे कोणी फिरकू नका म्हणावं!"

भामा खडकावर चढली. हा तिच्या कामाचा खरा दिवस होता. तिने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली,

"ओठं ओहोळ उठलंय! आणवठ्याकडे..."

मुलांनो, वैशाख होता. पाणवठ्यात टाचभर पाणी उरलं होतं. आणि अशा वेळी जनावरांनी काय ऐकलं? ओहोळ! मोठा ओहोळ! पाणवठ्याकडे!

"ओहोळ उठला म्हणतात, उठलंय नाही," असं एक साळिंदर म्हणालं. पण तहान लागलेली असताना व्याकरणासाठी कोण थांबतं? सगळं जंगल पाणवठ्याकडे धावत सुटलं. सगळ्यांत पुढे वनराज, कारण पहिलं पाणी पिण्याचा मान त्याचा होता.

"कोणी इरकू नका!" भामा मागून ओरडत होती. "इरकू नका!"

तिचं पुढचं वाक्य ऐकायला मैदानात कोणी उरलंच नव्हतं.

जे व्हायचं ते झालं. माश्यांनी लहानमोठं पाहिलं नाही. फक्त सगळ्यांत पुढे होता त्याला सगळ्यांत जास्त मिळालं. वनराज परत आला तेव्हा त्याचं नाक वांग्याएवढं झालं होतं.

"त्या गाढविणीला आणा!"

भामा समोर उभी राहिली.

"हिने मुद्दाम केलं, महाराज," पिंगटराव म्हणाला. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. "हिला परत कुंभाराकडे धाडा."

भामाला कुंभाराची दोरी आठवली. ती काहीतरी बोलली, पण त्यात इतकी अक्षरं कमी होती की कोणालाच ते कळलं नाही.

तेवढ्यात गोजरा मावशी गर्दीतून पुढे आली. तिच्या अंगावरून चिखल गळत होता. तिने काही न विचारता पाठीवरचा ओला चिखल वनराजाच्या नाकावर थापला.

दरबार दचकला. राजाच्या नाकाला हात! पिंगटराव ओरडणार होता, तेवढ्यात वनराजाने डोळे मिटले.

"आहाहा," तो म्हणाला.

"माश्यांची आग थांबली ना?" मावशी म्हणाली.

"थांबली. आणि आधीची आगही थांबली."

"ती उन्हाची होती, महाराज. तुमचंही नाक सोलून निघालंय महिनाभर. तुम्हाला कोणी सांगितलं नाही एवढंच." मग ती म्हणाली, "या पोरीचे ओठ फुटलेत. ते बरे करायला पंधरा दिवस द्या. नाही बोलली नीट, तर खुशाल काढून टाका."

वनराजाचं नाक गार झालं होतं. नाक गार असलं की राजे दयाळू होतात. त्याने पंधरा दिवस दिले.

भामा मावशीच्या डबक्याशी राहायला गेली. तिथे एक जांभळाचं झाड अजून उभं होतं. त्याच्या सावलीत मावशीने तिला बसवलं. गुणाजी अस्वल शरमून मोहोळाचं उरलेलं मेण घेऊन आलं.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणालं. "मध मात्र मी खाल्ला."

मावशीने मेण उन्हात मऊ केलं, त्यात करंजाचं तेल कालवलं आणि भामाच्या ओठांवर जाडसर थापलं. सकाळी एकदा. खाऊन झालं की परत. पाणी पिऊन झालं की परत. उन्हात चरायला जायचं झालं तर कपाळावर सागाचं मोठं पान वेलीने बांधायचं, म्हणजे तोंडावर सावली पडते. जीभ फिरवली की मावशी शेपटीने फटका मारायची.

सहाव्या दिवशी 'प' परत आला. मग 'ब' आला. 'भ' आणि 'फ' एकाच दुपारी आले. 'म' सगळ्यांत शेवटी आला, कारण त्याला ओठ घट्ट मिटावे लागतात. दहाव्या दिवशी भामा पहाटेपासून बडबडत होती, "भोपळा! पोपट! बिबा! मोहोळ, मोहोळ, मोहोळ! मी भामा! भामा! भामा!"

"छान," मावशी म्हणाली. "आता ओठ मिटून गप्प बसायचं, तेही करून दाखव."

इकडे दरबारात काय चाललं होतं?

वनराजाला चिखलाशिवाय करमेना. रोज सकाळी एक हत्ती सोंडेत चिखल घेऊन गुहेकडे जायचा. आता राजा जे लावतो त्याला चिखल म्हणायचं तरी कसं? पिंगटरावाने त्याला 'राजलेप' नाव दिलं. पळसाच्या पानाच्या द्रोणात भरून, वर मोगऱ्याची कळी ठेवून तो दरबाऱ्यांना वाटू लागला. द्रोणावर त्याने पंजाने 'पन्नास' असं कोरलं.

"पन्नास कशाचे?" एका लांडग्याने विचारलं.

"तीसपेक्षा जास्त," पिंगटराव म्हणाला. लांडग्याला ते पटलं.

दरबाऱ्यांना राजलेपाचं फार कौतुक. तो संपू नये म्हणून ते कपाळावर एकच टिकली लावायचे. तीसुद्धा संध्याकाळी, कारण भेटीगाठी संध्याकाळी असतात. काहींनी तो सणासाठी जपून ठेवला. सगळ्यांची नाकं सोलतच होती. "पन्नास कमी पडतंय," ते म्हणायचे, "शंभर यायला पाहिजे."

पण डबकं तर सगळ्यांचं होतं. दरबारात राजलेप आलाय, तो म्हणजे मावशीचा चिखलच आहे, हे हळूहळू बाहेर कळलं. आतापर्यंत मावशीला हसणारी जनावरं एकेक करून डबक्याकडे यायला लागली. भेकरं आली, ससे आले. भुरी नावाची एक रानडुकरीण सात पिल्लं घेऊन रोज यायची. ती पिल्लं झाडं तोडल्यावर जन्मली होती. कवडसा म्हणजे काय, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचे कान कडेने फाटल्यासारखे सोलले होते. मावशी एकेकाला कानाला धरून चिखलात बुडवायची. पिल्लं आधी किंचाळायची, मग बाहेर यायला नकार द्यायची.

पिंगटरावाने हे पाहिलं आणि त्याच पावली राजाकडे गेला.

"महाराज, डुकराच्या पिल्लाच्या कानावर आणि आपल्या नाकावर एकच लेप आहे."

वनराज ताडकन उठला. "मग मला ओळखायचं कसं?"

"म्हणूनच हुकूम काढला पाहिजे, महाराज. लेप फक्त दरबाराचा."

"आणि ती म्हैस? ती तर डबक्यातच बसते."

"तिने बसायला हरकत नाही," पिंगटराव विचार करून म्हणाला. "अंगाला लागू देऊ नये."

हुकूम तयार झाला. पंधरावा दिवस उजाडला. भामाची परीक्षा याच हुकमाने घ्यायची, असं ठरलं.

"शेवटपर्यंत स्वच्छ बोललीस तर खडक तुझा," पिंगटराव तिला म्हणाला. "एक अक्षर गिळलंस तर बाहेर. आता पाठ कर."

त्याने हुकूम वाचून दाखवला. 'आजपासून सर्व प्रजेने रोज सकाळी वा दुपारी नाकाला, कानांना, मानेला चिखल लावणे बंद.'

भामाने तो ऐकला. तिला तो म्हणता येत होता. 'बंद' तर फारच सोपं होतं. सकाळपासून तिने 'ब' असलेले चाळीस शब्द म्हटले होते.

ती खडकावर चढली. मैदानात सगळं जंगल उन्हात उभं होतं. पुढच्या रांगेत भुरीची सात पिल्लं होती. दरबाराला यायचं म्हणून आईने त्यांना धुऊनपुसून आणलं होतं. कान लाल, उघडे. एक पिल्लू मागच्या पायाने कान खाजवत होतं आणि दर वेळी दुखून थांबत होतं.

भामाला हा खडक आवडायचा. इथून ओरडलं की तीन ओढ्यांपलीकडची जनावरं मान वर करायची. जन्मभर तिच्या ओरडण्याला सगळ्यांनी दगड मारले होते. इथे आवाज उठला की शांतता व्हायची. हे सोडायचं म्हणजे काय सोडायचं, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

तिने पुन्हा त्या पिल्लाकडे पाहिलं. मग तिने ओठ थोडे विलग ठेवले आणि ओरडली,

"आजआसून सर्व रजेने! रोज सकाळी वा दुआरी! नाकाला, कानांना, आनेला! चिखल लावणे..."

आणि मग अगदी हळू, "अंद."

मैदानातली जनावरं एकमेकांकडे बघू लागली.

"काय म्हणाली?" मागून एका माकडाने विचारलं.

"चिखल लावणे. सरकारी हुकूम आहे."

"आणि शेवटी?"

"आनंद, असं काहीतरी."

"चिखल लावणे, आनंद! आनंदाने लावायचा!"

"आनंद!" सगळी ओरडली आणि डबक्याच्या दिशेने धावत सुटली. भुरी पुढे, मागे सात पिल्लं.

"अंद नाही, बंद! बंद!" पिंगटराव उड्या मारून ओरडत होता. पण त्याचा आवाज सात पावलांपलीकडे जायचा नाही. आयुष्यभर कानात बोलायची सवय.

वनराजाला मात्र गहिवरून आलं. "पिंगटराव," तो म्हणाला, "बंदी घातली की प्रजेला इतका आनंद होतो, हे मला आधी का सांगितलं नाहीस?"

मग त्याने भामाकडे पाहिलं. तिच्या बोलण्यातली अक्षरं गेली होती, हे त्यालाही कळलं होतं. पण त्याचं मन प्रसन्न होतं. "कुंभाराकडे नको धाडू हिला," तो म्हणाला. "जाऊ दे हवं तिकडे. फक्त खडकावरून उतरव."

भामा उतरली. मैदान ओलांडून ती झाडीत शिरली आणि एका ऐनाच्या झाडामागे थांबली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"बंद," ती म्हणाली. स्वच्छ, ठणठणीत. मग तिला रडू आलं. बराच वेळ ती तिथे उभी राहिली. मग डोळे पुसून डबक्याकडे गेली. तिथे इतकी गर्दी होती की मावशीला बसायला जागा नव्हती.

"ये," मावशी म्हणाली. "सगळ्यांच्या मानांना मी एकटी पुरत नाही. तू डावीकडून सुरुवात कर."

आठ दिवसांत पिल्लांच्या कानांवर नवी कातडी आली. महिन्याभरात जंगलातली निम्मी नाकं बरी झाली. ती नाकं दरबारातली नव्हती. नवा हुकूम काढायचा तर दवंडी द्यायला कोणी नव्हतं. आणि आनंदाने पाळला गेलेला हुकूम मागे घ्यायला वनराजही तयार नव्हता.

पिंगटरावाने तोड काढली. "महाराज, आता डुक्करसुद्धा चिखल लावतं. मग मोठेपणा कशात आहे? न लावण्यात!"

राजाने त्याच दुपारी तोंड धुतलं. दरबाऱ्यांनी टिकल्या पुसल्या. आता उघड्या तोंडाने भर उन्हात बसणं हा मानाचा भाग झाला. ज्याचं नाक जास्त लाल, त्याची जागा राजाच्या जास्त जवळ. एका कवी कावळ्याने वनराजाच्या सोललेल्या नाकाला 'उगवता सूर्य' म्हटलं. त्याला पळसाचा द्रोण बक्षीस मिळाला. रिकामा.

ज्येष्ठ संपता संपता एका दुपारी भामा जांभळाखाली बसली होती. झुडपातून कोणीतरी सरपटत आलं. तोंडाला पळसाची पानं गुंडाळलेली. फक्त शेपटी ओळखीची होती.

"थोडा चिखल हवाय," ते कुजबुजलं. "राजांसाठी."

"एवढाच ना? आणि तुम्हाला?"

मग पानं बाजूला झाली. पिंगटरावाचं नाक बघवत नव्हतं आणि ओठांना खोल चिरा होत्या.

"अलाही," तो म्हणाला. म्हणायचं होतं 'मलाही'.

भामाने मेणाची वाटी पुढे ओढली. आधी ओठांना लावलं, मग नाकाला चिखल थापला, मग कानांना. "बसा, पिंगटराव," ती म्हणाली. "मान पुढे करा. मागचा भाग राहतोय."

पिंगटरावाचे कान टवकारले. 'बसा', 'पिंगटराव', 'मान पुढे', 'मागचा भाग'. एकही अक्षर कमी नव्हतं. त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तुझे ओठ कधी..." तो म्हणाला. त्याला हळूहळू सगळं कळलं. तो रागावणार होता. पण तेवढ्यात मानेवर गार चिखल पडला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

"हे दरआरात कळता काआ नये," तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला.

"नाही कळणार," भामा म्हणाली. "सांगायला आता दवंडीवाली कुठे आहे? हलू नका. थर जाड बसू दे."

*

तात्पर्य : मुलांनो, राजाचे हुकूम तातडीने पाळावेत, फक्त शेवटचा शब्द ऐकायला थांबू नये. आणि उन्हात जाताना नाकाला, कानांना, ओठांना काहीतरी जाडसर लावावं. ते काय आहे, हे मोठ्या माणसांना सांगू नये. त्यांना कळलं की त्याला मान मिळतो, आणि मान मिळाला की ते आपल्याला मिळत नाही.